नवा मॉनिटर घेण्याआधी सीपीयूची पाठ बघा

काउंटरवरचा मॉनिटर नेमका कधी जातो? जीएसटीआर-१ भरायची ११ तारीख उद्यावर आली की! मग आपण घाईघाईत ऑनलाइन सेलमधला २७ इंची, चकाचक फोरके मॉनिटर मागवतो. बॉक्स उघडल्यावर कळतं, आपल्या जुन्या सीपीयूला याची केबलच लागत नाही. पैसे अडकले आणि बिलिंगही बंद.

म्हणून आधी सीपीयूच्या मागे टॉर्च मारा. मोबाइलने फोटोच काढा, दुकानदाराला दाखवायला बरा. तीन ओळींत १५ भोकं, बहुतेकदा निळं, दोन्ही बाजूंना स्क्रूची जागा, ते व्हीजीए. त्याहून रुंद, बरेचदा पांढरं, ते डीव्हीआय. यूएसबीसारखं चपटं पण खालचे कोपरे कापलेलं, ते एचडीएमआय. कोअर टू ड्युओच्या काळातल्या कितीतरी मशीनवर फक्त व्हीजीए सापडेल. आत वेगळं ग्राफिक्स कार्ड बसवलेलं असेल, तर केबल कार्डालाच लावा. मदरबोर्डच्या सॉकेटला लावून "मॉनिटर खराब आला" म्हणणारे मी बरेच पाहिलेत!

आता खरी फसगत कुठे होते, तर कन्व्हर्टरमध्ये. व्हीजीए ॲनालॉग, एचडीएमआय डिजिटल. बाजारात जो छोटा, स्वस्त कन्व्हर्टर सहज मिळतो, तो बहुतेकदा एचडीएमआयच्या सीपीयूला व्हीजीएचा मॉनिटर जोडायचा असतो. आपल्याला हवा बरोबर उलटा, आणि तो उलटा लावून चालत नाही हं. दुकानात स्पष्ट सांगा, "सीपीयूला व्हीजीए, मॉनिटरला एचडीएमआय." त्याला बहुधा यूएसबीतून वीजही द्यावी लागते. नुसती दोन टोकांची साधी केबल कुणी देत असेल, तर घेऊ नका.

फोरकेचा मोह तर सोडाच. इंटेलच्या तिसऱ्या पिढीपर्यंतच्या, म्हणजे २०१२ च्या आसपासच्या ऑनबोर्ड ग्राफिक्समधून एचडीएमआयवर फोरके निघत नाही. चौथ्या पिढीत निघतं, पण सेकंदाला ३० चित्रांपर्यंतच. माउस मागून ओढल्यासारखा चालतो. टॅली आणि एक्सेलसाठी १९२० बाय १०८० चा, २२ इंची, स्वतःलाच व्हीजीए सॉकेट असलेला मॉनिटर घ्या. कन्व्हर्टरची कटकटच नको.

लावल्यावर अक्षरं ताणलेली दिसली तर लगेच परत करायला धावू नका. डिव्हाइस मॅनेजर उघडा. डिस्प्ले ॲडॅप्टर्सखाली "मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडॅप्टर" लिहिलेलं असेल, तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर टाकायचा राहिलाय. व्हीजीएवर अक्षरं नुसती धूसर असतील, तर मॉनिटरच्या मेनूतलं ऑटो ॲडजस्ट दाबून बघा.

आणि हो, जुना मॉनिटर भंगारात देताना त्याची व्हीजीए केबल काढून ठेवा. नव्या बॉक्समध्ये बरेचदा फक्त एचडीएमआयची येते.