महाराष्ट्राची रणजी अजिंक्यपदे (१९३९–४१)

महाराष्ट्र क्रिकेट संघाने १९३९-४० आणि १९४०-४१ अशा सलग दोन हंगामांत रणजी करंडक जिंकला. दोन्ही वेळी संघाचे नेतृत्व पुण्याचे प्रा. दिनकर बळवंत देवधर यांच्याकडे होते. या दोन हंगामांत संघ स्पर्धेत एकदाही पराभूत झाला नाही. महाराष्ट्राने त्यानंतर हा करंडक पुन्हा जिंकलेला नाही. त्यामुळे पुण्याच्या क्रिकेटप्रेमींच्या स्मरणात या काळाला वेगळे स्थान आहे. विजय हजारे यांची नाबाद ३१६ धावांची खेळी, देवधरांच्या २४६ धावा आणि मुंबईविरुद्ध अवघ्या २५ धावांच्या आघाडीवर निसटलेला सामना या तीन गोष्टींचा उल्लेख या संदर्भात वारंवार होतो.

पार्श्वभूमी

कुमार श्री रणजितसिंहजी यांच्या स्मरणार्थ सुरू झालेली रणजी करंडक स्पर्धा १९३४-३५ च्या हंगामापासून खेळली जाऊ लागली. पहिली दोन अजिंक्यपदे मुंबईने मिळवली. पुढील तीन हंगामांत नवानगर, हैदराबाद आणि बंगाल हे संघ विजेते ठरले. स्पर्धा विभागवार आणि बाद पद्धतीने खेळली जात असे. सामना अनिर्णित राहिल्यास पहिल्या डावात आघाडी घेणारा संघ पुढील फेरीत जाई. अशा स्पर्धेत एक पराभव म्हणजे हंगामाचा शेवट असे, म्हणून विजेता संघ हा स्वभावतःच अपराजित असे.

त्या काळात प्रेक्षकांची सर्वाधिक गर्दी मुंबईतील पंचरंगी सामन्यांना होत असे. हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन आणि ‘शेष’ असे तेथील संघ धर्म आणि वंश यांवर आधारलेले होते. डिसेंबर १९४० मध्ये महात्मा गांधींनी क्रिकेटमधील या जातीय विभागणीला उघड विरोध दर्शवला. रणजी स्पर्धेतील संघ मात्र प्रदेशावर आधारलेले होते. ‘महाराष्ट्र’ हे नाव घेऊन खेळणारा संघ मैदानात होता, तेव्हा त्या नावाचे राज्य अस्तित्वात नव्हते. ते १ मे १९६० रोजी स्थापन झाले. मुंबईचा संघ आधीपासून स्वतंत्र होता आणि विदर्भाचा प्रदेश मध्य प्रांत व वऱ्हाडात मोडत होता. त्यामुळे महाराष्ट्र संघ प्रामुख्याने पुणे आणि पश्चिम महाराष्ट्र यांचा संघ होता व त्याचे केंद्र पुणे हेच होते.

पुण्यातील क्रिकेटची परंपरा त्याहून जुनी होती. येथील जिमखान्यावर खेळपट्टीची देखभाल करता करता आणि गोऱ्या फलंदाजांना सरावासाठी गोलंदाजी करता करता पळवणकर बाळू हे देशातील श्रेष्ठ फिरकी गोलंदाजांपैकी एक झाले. पुढे हिंदू जिमखाना आणि शहरातील महाविद्यालये यांनी नव्या खेळाडूंची पिढी घडवली. शिक्षण आणि खेळ एकाच माणसाच्या आयुष्यात एकत्र नांदणे पुणेकरांना अपरिचित नव्हते. संघाचा कर्णधार हे त्याचे सर्वांत ठळक उदाहरण होते.

कर्णधार देवधर

देवधरांचा जन्म १४ जानेवारी १८९२ रोजी पुण्यात झाला. ते सर परशुरामभाऊ महाविद्यालयात संस्कृतचे प्राध्यापक होते. त्यामुळे मराठीत त्यांच्या नावाआधी ‘प्रा.’ ही पदवी कायमची जोडली गेली. १९११ मध्ये त्यांनी प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये पदार्पण केले. १९२६ मध्ये आर्थर गिलिगन यांच्या एमसीसी संघाविरुद्ध मुंबईत त्यांनी १४८ धावा केल्या. भारताने पहिला कसोटी सामना १९३२ मध्ये खेळला, तेव्हा त्यांनी चाळिशी गाठली होती. त्यांना कसोटी सामना खेळण्याची संधी कधीच मिळाली नाही. १९३९ मध्ये रणजी संघाचे नेतृत्व करताना ते ४७ वर्षांचे होते आणि संघातील अनेक सहकारी त्यांच्या विद्यार्थ्यांच्या वयाचे होते.

१९३९-४० चा हंगाम

या हंगामातील सर्वांत गाजलेली खेळी पुण्यात बडोद्याविरुद्ध झाली. मूळचे सांगलीचे असलेले विजय हजारे यांनी त्या सामन्यात नाबाद ३१६ धावा केल्या. रणजी स्पर्धेच्या इतिहासातील हे पहिले त्रिशतक होते. नवव्या गड्यासाठी हजारे आणि एन. डी. नगरवाला यांनी २४५ धावांची भागीदारी केली. तळाच्या फलंदाजाला साथीला घेऊन उभारलेली ही भागीदारी भारतीय प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये नवव्या गड्यासाठी पुढील सहा दशके सर्वोच्च राहिली.

अंतिम सामना पुण्यातच संयुक्त प्रांताविरुद्ध झाला. संयुक्त प्रांताने पहिल्या डावात २३७ धावा केल्या. उत्तरादाखल महाराष्ट्राने ५८१ धावा करून ३४४ धावांची आघाडी घेतली. दुसऱ्या डावात संयुक्त प्रांताने ३५५ धावा करून डावाचा पराभव टाळला. तथापि महाराष्ट्रापुढे उरलेले लक्ष्य नाममात्र होते. एकही गडी न गमावता १२ धावा करून महाराष्ट्राने सामना १० गडी राखून जिंकला आणि करंडक पहिल्यांदाच पुण्याकडे आला.

१९४०-४१ चा हंगाम

दुसऱ्या हंगामाची कसोटी मुंबईविरुद्धच्या सामन्यात लागली. पुण्यात झालेल्या या सामन्यात महाराष्ट्राने ६७५ धावा केल्या. त्यात खुद्द कर्णधाराच्या २४६ धावा होत्या. पन्नाशीच्या उंबरठ्यावर असलेल्या देवधरांची ही खेळी पुढे त्यांच्या नावाशी कायमची निगडित झाली. कोणत्याही संघाला ही धावसंख्या निर्णायक वाटली असती, परंतु मुंबईने चिवट प्रत्युत्तर दिले. खंडू रांगणेकर यांनी २०२ आणि विजय मर्चंट यांनी १०९ धावा काढल्या. अखेर मुंबईचा डाव ६५० धावांवर संपला.

दोन डावांत मिळून १३२५ धावा झाल्या आणि फरक उरला तो २५ धावांचा. सामना अनिर्णित राहिल्याने पहिल्या डावातील या आघाडीच्या बळावर महाराष्ट्र पुढे गेला. मुंबईच्या अखेरच्या फलंदाजांनी आणखी २६ धावा केल्या असत्या, तर आघाडी मुंबईकडे गेली असती. तसे झाले असते तर महाराष्ट्राच्या नावावर आज दोनऐवजी एकच करंडक असता. या हंगामाचे ‘अपराजित’ असणे एवढ्या थोड्या अंतरावर अवलंबून होते. नोंदवहीत हा सामना विजय म्हणून नोंदवला जात नाही. पुण्याच्या बोलण्यात मात्र तो मुंबईवरील विजय म्हणूनच येतो.

या हंगामात फलंदाजीत सर्वाधिक सातत्य रंगा सोहोनी यांनी दाखवले. त्यांनी स्पर्धेत ६५५ धावा केल्या. मध्यमगती गोलंदाजी करणारे सोहोनी पुढे भारताकडून चार कसोटी सामने खेळले.

अंतिम सामना मद्रास येथे यजमान मद्रास संघाविरुद्ध झाला. मद्रासचा पहिला डाव १४५ धावांत आटोपला आणि महाराष्ट्राने २८४ धावा करून १३९ धावांची आघाडी घेतली. दुसऱ्या डावात मद्रासने ३४७ धावा उभारल्याने महाराष्ट्रापुढे २०९ धावांचे लक्ष्य आले. चार गडी गमावून ते पूर्ण करण्यात आले. पहिले अजिंक्यपद घरच्या मैदानावर मिळाले होते. दुसरे प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर, धावांचा पाठलाग करून मिळाले.

अंतिम सामने संक्षेपात

१९३९-४०, पुणे: संयुक्त प्रांत २३७ आणि ३५५; महाराष्ट्र ५८१ आणि बिनबाद १२. महाराष्ट्र १० गडी राखून विजयी.

१९४०-४१, मद्रास: मद्रास १४५ आणि ३४७, महाराष्ट्र २८४ आणि ४ बाद २१०. महाराष्ट्र ६ गडी राखून विजयी.

पुण्याच्या आठवणीतील हंगाम

हे सामने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खेळले गेले. दूरचित्रवाणी पुण्यात येण्यास अजून तीन दशके होती. मराठीतील क्रिकेट समालोचन बाळ ज. पंडित यांच्या आवाजात घरोघर पोहोचले, तेही नंतरच्या काळात. त्यामुळे खेळ पाहण्याचा एकच मार्ग होता, तो म्हणजे मैदानावर जाणे. इतरांसाठी वर्तमानपत्रातील वृत्तान्त, धावफलक आणि पाहून आलेल्यांचे कथन हीच साधने होती. या हंगामांच्या आठवणी म्हणूनच दृश्यांपेक्षा आकड्यांच्या आधाराने टिकल्या. ‘तीनशे सोळा’ किंवा ‘दोनशे शेहेचाळीस’ एवढे म्हटले, तरी जाणकाराला खेळाडू, प्रतिस्पर्धी आणि मैदान यांचा उलगडा होतो.

आठवणींचा क्रम नोंदींच्या क्रमाशी जुळत नाही. करंडक अंतिम सामन्यांत मिळाले, तरी चर्चेत अधिक येतो तो मुंबईविरुद्धचा अनिर्णित सामना. याला दोन कारणे संभवतात. पहिले कारण म्हणजे पुणे आणि मुंबई यांची जुनी चुरस, जी खेळापुरती मर्यादित नाही. दुसरे कारण कर्णधाराच्या वयाशी निगडित आहे. हजारे यांचे त्रिशतक मोठे असले, तरी ते पंचविशीतील एका असामान्य फलंदाजाकडून अपेक्षित म्हणता येईल असे होते. वर्गात संस्कृत शिकवणाऱ्या प्रौढ प्राध्यापकाने मुंबईच्या गोलंदाजांना दिवसभर दमवावे, ही गोष्ट मात्र सांगण्याजोगी होती आणि ती सांगितली गेली. देवधरांनी पुढे, १९४४ मध्ये, वयाच्या बावन्नाव्या वर्षी नवानगरविरुद्ध एकाच सामन्यात १०५ आणि १४१ धावा केल्या. त्यामुळे आधीच्या गोष्टीला दुजोराच मिळाला.

या स्मृतीला एक जिवंत आधारही होता. देवधर १९४८ पर्यंत प्रथम श्रेणी क्रिकेट खेळले. ‘आय लुक बॅक’ या आत्मचरित्रात त्यांनी आपल्या कारकिर्दीचा आढावा घेतला. १४ जानेवारी १९९२ रोजी त्यांनी वयाची शंभर वर्षे पूर्ण केली. २४ ऑगस्ट १९९३ रोजी त्यांचे निधन झाले. दुसऱ्या अजिंक्यपदानंतर ५२ वर्षे संघाचा कर्णधार शहरात हयात होता. सामने न पाहिलेल्या दोन पिढ्यांनाही या हंगामांचा नायक प्रत्यक्ष पाहता आला. त्याच वर्षी रंगा सोहोनी यांचेही निधन झाले. विजय हजारे २००४ मध्ये निवर्तले. त्यानंतर या काळाची आठवण मुख्यतः नोंदी, पुस्तके आणि कुटुंबांतून चालत आलेले कथन यांवर उरली.

संघाची पांगापांग

हा संघ फार काळ एकत्र राहिला नाही. त्या काळात क्रिकेटपटूंना कायमचे उत्पन्न देणारी संस्था शहरांत क्वचितच होती. संस्थानिक मात्र खेळाडूंना नोकरी देऊन आपल्या संघात घेत. हजारे १९४१-४२ पासून बडोद्याकडून खेळू लागले. १९४२-४३ मध्ये बडोद्याने करंडक जिंकला. ज्या संघाविरुद्ध त्यांनी त्रिशतक केले होते, त्याच संघाचे ते पुढे आधारस्तंभ बनले. चाळीसच्या दशकाच्या आरंभी महाराष्ट्राकडून खेळलेले चंदू सरवटे यांनी पुढील बहुतांश कारकीर्द इंदूरच्या होळकर संघात घालवली. १९४१-४२ चा करंडक पुन्हा मुंबईकडे गेला.

पुण्यातील मोठ्या धावसंख्यांची परंपरा मात्र सुरू राहिली. डिसेंबर १९४८ मध्ये भाऊसाहेब निंबाळकर यांनी पुण्यात काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. त्या वेळचा ४५२ धावांचा विश्वविक्रम डॉन ब्रॅडमन यांच्या नावावर होता. तो दहा धावांवर असताना काठियावाडने सामना सोडून दिला. त्याच हंगामात मुंबईविरुद्ध पुण्यात झालेल्या उपांत्य सामन्यात चार डावांत मिळून २३७६ धावा झाल्या. तो सामना मुंबईने ३५४ धावांनी जिंकला. १९४०-४१ मध्ये २५ धावांनी राखलेली आघाडी या वेळी महाराष्ट्राला मिळाली नाही.

नंतरचा काळ

महाराष्ट्राने त्यानंतर तीन वेळा अंतिम फेरी गाठली. १९७०-७१ मध्ये मुंबईकडून ४८ धावांनी, १९९२-९३ मध्ये लुधियाना येथे पंजाबकडून १२० धावांनी आणि २०१३-१४ मध्ये हैदराबाद येथे कर्नाटकाकडून ७ गडी राखून संघ पराभूत झाला. शेवटच्या हंगामात पुण्याच्या केदार जाधव यांनी स्पर्धेत १२२३ धावा केल्या होत्या. राज्यातील इतर दोन संघांपैकी मुंबईने चाळीसहून अधिक वेळा, तर विदर्भाने २०१७-१८ पासून तीन वेळा करंडक जिंकला आहे.

देवधरांना १९६५ मध्ये पद्मश्री आणि १९९१ मध्ये पद्मभूषण हे सन्मान मिळाले. १९७३-७४ पासून त्यांच्या नावाने देवधर करंडक ही मर्यादित षटकांची आंतरविभागीय स्पर्धा सुरू झाली. महाराष्ट्राच्या नावावरील दोन्ही रणजी अजिंक्यपदे मात्र अजूनही त्यांच्याच कर्णधारपदाच्या काळातील आहेत.