बाग आणि पाणी (भाग ८) : रोहिणीत आवरायचा तुषार संच

थंड देशांत घराभोवतीच्या हिरवळीचे फवारे हिवाळ्याआधी बंद करतात. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. नळीत अडकलेलं असेल तर नळीच तडकते. म्हणून तिथे कॉम्प्रेसरची हवा सोडून नळ्या कोरड्या करतात. आंबेनळी घाटाच्या पायथ्याला, कापडे-पोलादपूरच्या बाजूला बाग राखणाऱ्यांना ती भीती नाही. घाट चढून महाबळेश्वरला गेलात तरी वेण्णा तलावाकाठी दव गोठतं ते गवतावर आणि पानांवर, तेही पहाटेपुरतं. जमिनीतली नळी शाबूत राहते, आणि स्ट्रॉबेरीला तर त्याच दिवसांत पाणी चालू ठेवावं लागतं.

आपल्याकडे संच आवरायचा तो पावसाळ्यासाठी. २३ जुलै २०२१ च्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत महाबळेश्वरला सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. तिथलं पश्चिमेचं पाणी सावित्रीतून पोलादपूर, महाडकडेच उतरतं. अशा पावसात उताराची माती सुटते आणि वर उघड्यावर पडलेली नळी ओढ्याबरोबर जाते. जागेवर राहिलेली नळी गाळाने भरते. चार महिन्यांनी तो गाळ आत घट्ट बसला, की ऑक्टोबरमध्ये अर्धे फवारे फिरतच नाहीत.

आधी संच धुवा. टोकाच्या एंड कॅप काढून मोटर चालू करा. आधी मुख्य नळी, मग उपनळ्या, स्वच्छ पाणी येईपर्यंत. मे महिन्यात पोलादपूर, महाड तालुक्यांतल्या कित्येक वाड्यांना टँकरचं पाणी पुरवावं लागतं, तेव्हा हे धुवणाचं पाणी वाया घालवू नका. बादलीत धरा, आंब्या-काजूच्या रोपांच्या आळ्यात ओता. माझं तर स्पष्ट मत आहे की वाडीची विहीर आटली असेल, तर हिरवळ तेवढे दिवस पिवळी राहू द्यावी. हिरवळीची मुळं तग धरतात आणि पहिल्या पावसात पुन्हा फुटतात.

फिल्टर उघडलात की जाळीवर बुळबुळीत शेवाळ आणि तळाशी तांबड्या मातीचा थर दिसेल. जाळी मऊ ब्रशने घासा. तारेचा ब्रश लावलात तर भोकं मोठी होतील आणि पुढे कचरा थेट नोझलमध्ये जाईल. रबरी रिंगा काढून पुसा. चिरलेली रिंग आताच बदला.

मग पाणी काढायचं. इथे कॉम्प्रेसर लागत नाही, उतार ते काम करतो. सगळ्यात खालचा व्हॉल्व्ह उघडा आणि सगळ्यात वरचं टोकही मोकळं करा. वरून हवा शिरली नाही तर पाणी मध्येच अडून राहतं, आणि नेमकं हेच बहुतेक जण विसरतात. नळी रिकामी झाली की दोन्ही तोंडं लगेच बंद करा. उघड्या तोंडातून बेडूक आणि छोटे खेकडे आत जातात. कुंभारमाशी तर नोझलच्या भोकात मातीचं घर करते. ती माती वाळली, की टाचणीने कोरूनही पुरती निघत नाही. म्हणून नोझल काढून डब्यात ठेवा. रायझर, म्हणजे नोझलखालच्या उभ्या नळ्या, उपसा. वर अंथरलेल्या नळ्या गुंडाळून छपराखाली टांगा. जमिनीवर ठेवल्यात तर घुशी आणि उंदीर कुरतडतात.

जमिनीवरच्या मोटरच्या पंपातलंही पाणी काढून टाका, नाहीतर आतला पंखा गंजून जाम होतो. स्टार्टरचा मेन स्विच बंद ठेवा. वळवाच्या विजांत चालू राहिलेला स्टार्टर जळायला वेळ लागत नाही.

रोहिणी २५ मेच्या सुमारास लागते, मृग ७ जूनच्या आसपास. या दोन आठवड्यांत अर्धा दिवस काढा आणि हे काम उरकून घ्या. मृगाची पहिली सर आल्यावर चिखलात उतरून रायझर उपसायची वेळ स्वतःवर येऊ देऊ नका.