यंत्र भाड्याचं, पण खेळ कुणाचा?

गूगलने 18 जानेवारी 2023 रोजी ‘स्टेडिया’ ही सेवा बंद केली. नोव्हेंबर 2019 मध्ये 14 देशांत ती सुरू झाली तेव्हा गाजावाजा मोठा होता. घरात कन्सोल नको, महागडं ग्राफिक्स कार्ड नको, रात्रभर चालणारं डाउनलोड नको. खेळ गूगलच्या संगणकावर चालणार आणि आपल्या पडद्यावर फक्त त्याचं चित्र येणार. सव्वातीन वर्षांत गाशा गुंडाळला गेला. गूगलने आपल्या दुकानातून विकलेल्या खेळांचे आणि कंट्रोलरचे पैसे परत केले, हे मान्य करायला हवं. या धंद्यात एवढा सभ्यपणा सहसा दिसत नाही. पण ‘रेड डेड ऑनलाइन’मध्ये जवळपास 6,000 तास घालवलेला एक खेळाडू, माझं पात्र दुसऱ्या यंत्रावर नेऊ द्या, अशी जाहीर विनवणी करत होता. आणि केवळ स्टेडियासाठी बनवलेला ‘आउटकास्टर्स’ हा खेळ तर स्टेडियाबरोबरच गेला. त्याची प्रत कुणाच्याच घरात नव्हती, त्यामुळे ती कधी कुणाच्या माळ्यावर सापडायचीही शक्यता नाही.

स्टेडिया भारतात आलीच नाही. मात्र 2025 च्या अखेरीस मायक्रोसॉफ्टची तशीच एक्सबॉक्स क्लाउड सेवा इथे सुरू झाली. त्यामुळे ‘आता कन्सोल घ्यायचा कशाला?’ हा प्रश्न आपल्याही घरांत विचारला जाणार. त्याचं उत्तर देण्याआधी हे चालतं कसं ते पाहू.

चित्रपट ऑनलाइन पाहताना पुढची काही सेकंदं आधीच आपल्या यंत्रात येऊन पडलेली असतात. मध्येच नेट अडखळलं तरी त्या शिल्लकीवर काम भागतं. खेळात अशी शिल्लक ठेवताच येत नाही, कारण पुढचं चित्र काय असेल हे तुम्ही कोणतं बटण दाबता त्यावर ठरतं. बटण दाबल्याची खबर दूरच्या सर्व्हरकडे जाते, तिथे नवं चित्र तयार होतं, ते दाबून लहान केलं जातं, नेटवरून येतं, उलगडतं आणि मग दिसतं. सेकंदाला 60 चित्रं हवी असतील तर एका चित्राच्या वाट्याला 17 मिलिसेकंदही येत नाहीत.

यात अंतराचा बाऊ उगाच केला जातो. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. सर्व्हर मुंबईत असेल तर पुण्याला जाऊन-येऊन त्याला दोन मिलिसेकंदही लागत नाहीत. सर्व्हर सिंगापूरला असेल तर मात्र नुसत्या प्रवासातच चाळीसेक जातात. खरी गोम घराजवळ असते: गर्दीने भरलेला मोबाइल टॉवर, शेजारच्या दहा वाय-फायशी भांडणारा आपला राउटर. उशीर सारखाच असेल तर हात त्याला सरावतो. कधी 20 तर कधी 120 मिलिसेकंद झाला की सगळं बिघडतं. बुद्धिबळात हे कळणारही नाही. क्रिकेटच्या खेळात मात्र टप्पा पडल्यावर बॅट फिरवायची असते. तिथे असा उशीर झाला की दांडी गुल.

डेटाचाही हिशेब करा. एनव्हिडियाची जीफोर्स नाऊ ही सेवा 1080p दर्जासाठी 25 एमबीपीएसचा वेग मागते. तेवढा वेग पूर्ण वापरला गेला तर तासाला 11 जीबी खर्च होतात. रोज दोन जीबी देणारा मोबाइल पॅक दहा-अकरा मिनिटांत संपेल. म्हणजे घरात चांगली फायबर जोडणी हवीच. ती असेल, तर स्ट्रीमिंग आज खरोखर चांगलं चालतं.

तंत्राची अडचण आज ना उद्या सुटेल. माझा आक्षेप दुसरीकडे आहे. आपण ‘विकत घेतला’ म्हणतो तो खेळ क्लाउड येण्याआधीच आपल्या हातातून निसटू लागला होता. युबिसॉफ्टचा ‘द क्रू’ हा मोटार शर्यतीचा खेळ 2014 मध्ये आला. तो डिस्कवरही मिळायचा, पण एकट्याने खेळायलासुद्धा कंपनीचा सर्व्हर लागायचा. 31 मार्च 2024 ला सर्व्हर बंद झाले आणि लोकांच्या कपाटातल्या डिस्का निव्वळ शोभेच्या उरल्या. संतापलेल्या रॉस स्कॉट या यूट्यूबरने ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम सुरू केली. युरोपीय संघात तिच्या मागणीवर दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या. कॅलिफोर्नियात तर 2025 पासून कायदाच आहे: ग्राहकाला फक्त परवाना मिळणार असेल, तर विकताना तसं स्पष्ट सांगायचं. आपल्याकडे पब्जी मोबाइलवर सप्टेंबर 2020 मध्ये बंदी आली, ऑक्टोबरअखेर सर्व्हर थांबले आणि पैसे मोजून घेतलेल्या पोशाखांसकट लाखो मुलांची खाती निदान काही काळ निरुपयोगी झाली. बंदी योग्य की अयोग्य हा वेगळा वाद.

क्लाउड या प्रवासाचं शेवटचं टोक आहे. डिस्कवर किंवा हार्ड डिस्कवर निदान फाइल तरी असते. आज चालली नाही तरी उद्या कुणी हुशार माणूस ती चालती करतो. स्ट्रीमिंगमध्ये फाइलच येत नाही. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या 2023 च्या अभ्यासानुसार, तिथे 2010 पूर्वी निघालेल्या खेळांपैकी 87 टक्के तेव्हा बाजारात मिळत नव्हते. त्यातले अनेक टिकले ते लोकांनी कॅसेटी आणि डिस्का जपल्या म्हणून. शिवाय भाडं वाढवणं मालकाच्या हातात असतं. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स गेम पास अल्टिमेट या योजनेची अमेरिकेतली मासिक वर्गणी ऑक्टोबर 2025 मध्ये एका फटक्यात 20 डॉलरवरून 30 डॉलरवर गेली.

म्हणून माझं मत असं: क्लाउड महागड्या यंत्राला पर्याय होऊ शकतो, खेळाच्या मालकीला नाही. जीफोर्स नाऊ या दोन गोष्टी वेगळ्या ठेवते, ते मला पटतं. तिथे यंत्र त्यांचं, पण खेळ तुम्ही स्टीमसारख्या दुकानातून घेतलेला. उद्या ती सेवा गेली तरी खेळ तुमच्या खात्यात राहतो. अर्थात तिथेही 2020 मध्ये अॅक्टिव्हिजन ब्लिझर्डने आपले खेळ काढून घेतले होते, आणि स्टीमवरही मिळतो तो परवानाच.

कॉलेजात शिकणाऱ्या, साधा लॅपटॉप असलेल्या मुलाने महिनाभराची वर्गणी भरून दोन-तीन खेळ संपवावेत, त्यात पैशाचं सोनं होतं. पण दिवाळीत कन्सोल घेणार असाल तर डिस्क ड्राइव्ह आहे का ते आधी विचारा. एक्सबॉक्स सीरिज एसमध्ये तो नाही, प्लेस्टेशन 5 च्या डिजिटल आवृत्तीतही नाही. ड्राइव्ह असला की सेकंडहँड डिस्क घेता येते, संपलेला खेळ विकता येतो, मित्राला देता येतो. पीसीवर खेळत असाल आणि हवा तो खेळ जीओजी या दुकानात मिळत असेल तर तिथून घ्या. त्यांचा इन्स्टॉलर नेटशिवाय चालतो. तो उतरवून एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवून द्या.