गादीवरचा व्यापारी आणि कंबरदुखी

रोहण्याच्या बाजारात आम्ही कापडवाले सकाळी गादीवर बसतो ते दुकान वाढवेपर्यंत. उठलोच तर एकदम जड गठ्ठा उचलायला. पोट सुटते, भार कंबरेवर येतो. मग पट्टा बांधून धंदा चालतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०२० मध्ये जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती. जुनाट दुखण्यावर व्यायाम सुचवून पट्टा सरसकट वापरू नये, असे तिने २०२३ मध्ये सांगितले.

तेव्हा व्यापारी बंधूंनो, फजरनंतर अर्धा तास चाला, रात्री दोन घास कमी खा. गठ्ठा गुडघे वाकवून, अंगाशी धरून उचला. नोकरालाही एकट्याला उचलायला लावू नका. पाय बधिर झाले किंवा लघवीवरचा ताबा सुटला तर त्याच दिवशी सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय गाठा. माल पुन्हा भरता येतो, कंबर नाही.