रिकाम्या तारखांची रुजुवात

मालवण, गुहागर वा अलिबाग येथील घरमालक आपली एकच खोली एअरबीएनबी, बुकिंग डॉट कॉम आणि दूरध्वनी अशा तीन मार्गांनी पाहुण्यांस देऊ करतो, तेव्हा तिन्हींकडील नोंदींची नित्य रुजुवात घेणे हे त्याचे पहिले कर्तव्य होय. या कामी १९९८ साली प्रसिद्ध झालेली व २००९ साली सुधारलेली ‘आयकॅलेंडर’ ही मांडणी उपयोगी पडते. तिच्या दुव्याने एका संकेतस्थळावरील भरलेल्या तारखा दुसऱ्यावर आपोआप दाखल होतात. तथापि ही देवाणघेवाण तत्क्षणी न होता ठरावीक अवकाशाने होते, आणि नाताळच्या गर्दीत तेवढ्या वेळात एकाच रात्रीसाठी दोन कुटुंबांचे आरक्षण स्वीकारले जाऊ शकते. लहान मुलांसह रात्रभर प्रवास करून आलेल्यांस दारातून परत धाडणे हे, माझ्या मते, पैसे परत करून मिटणारे प्रकरण नव्हे. म्हणून दूरध्वनीवर शब्द देताच ती तारीख स्वहस्ते बंद करावी. प्रस्थानाचा दिवस या मांडणीत व्यापलेला धरला जात नाही: १२ ते १५ तारखेचा मुक्काम म्हणजे तीन रात्री, आणि १५ तारखेस नवा पाहुणा येऊ शकतो, साफसफाईस सवड हवी असल्यास तिची तजवीज निराळी करावी.

गणेश चतुर्थी २०२५ साली २७ ऑगस्टला आली, २०२६ साली ती १४ सप्टेंबरला आहे. या सणाला मुंबईहून येणाऱ्या घरच्या माणसांसाठी लागणाऱ्या खोल्या नवे पंचांग हाती येताच अडवून ठेवाव्यात. गतवर्षीच्या तारखांवर विसंबू नये.