ओल्या कपड्यातली ऊब

आइसलँडच्या थिंगवेट्लिर राष्ट्रीय उद्यानात सिल्फ्रा नावाची एक भेग आहे. उत्तर अमेरिकेचा आणि युरेशियाचा भूपट्ट एकमेकांपासून दूर सरकताना ती पडली. लांगयोकुल हिमनदीचं पाणी लाव्हाच्या खडकातून वर्षानुवर्षं झिरपत तिच्यात येतं. ते इतकं नितळ की शंभर मीटरवरचं दिसावं, आणि बारा महिने 2 ते 4 अंश सेल्सिअस. तरी पाठीला सिलिंडर बांधून लोक त्यात उतरतात आणि अर्ध्या तासाने हसत वर येतात.

अशा वेळी ऐकणाऱ्याला वाटतं, कपड्यात हीटर असणार. बॅटरीवर तापणारी जाकिटं मिळतात हे खरं, पण बहुतेकांच्या अंगात ती नसतात. असतो तो ड्रायसूट. त्याचंही काम गरम करणं नव्हे, पाणी बाहेर ठेवणं. गळ्याला आणि मनगटाला घट्ट बसणाऱ्या रबरी पट्ट्या, आत लोकरीचे किंवा फ्लीसचे कपडे, आणि त्यांत अडकलेली हवा. ऊब शरीराची स्वतःची. सूट फक्त ती निसटू देत नाही. आत साधं बनियन घालून नुसता ड्रायसूट चढवला, तर महागड्या रेनकोटात कुडकुडण्यापलीकडे काही हाती लागणार नाही.

वेटसूटबद्दलचा गैरसमज तर पट्टीच्या पोहणाऱ्यांकडूनही ऐकू येतो: सुटात पाण्याचा पातळ थर शिरतो, अंगाच्या उष्णतेने तापतो आणि तोच ऊब देतो. थर शिरतो, तापतोही. पण पाणी हवेच्या जवळजवळ पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेतं. ते कसलं पांघरूण होणार? 1950च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या बर्कलीचे भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर नौदलाच्या पाणबुड्यांसाठी पोशाख शोधत होते. त्यांच्या लक्षात आलं की अंग कोरडं राहायलाच हवं असं नाही. कापडातच वायू कोंडला तर ओल्या अंगालाही ऊब राहील. निओप्रीनच्या फेसाळ रबरात असे असंख्य सूक्ष्म बुडबुडे असतात. सूट अंगाला चिकटून बसावा लागतो तो आतलं तापलेलं पाणी सारखं बदलू नये म्हणून. ढगळ सूट म्हणजे प्रत्येक हालचालीला पाठीवर गार पाण्याचा नवा तांब्या.

गंमत अशी, की हे बुडबुडे खोलीला दबतात. 10 मीटरवर दाब दुप्पट होतो, त्यामुळे बुडबुड्यांचं आकारमान साधारण निम्म्यावर येतं. 30 मीटरवर पाव. किनाऱ्यावर जाडजूड वाटणारा सूट तळाशी चपटा होतो, म्हणजे सगळ्यात जास्त गरज असते तिथेच कमी उबदार. ड्रायसुटात दाबली गेलेली हवा झडपेतून पुन्हा भरता येते. गार पाण्याच्या खोल बुडीला तोच निवडतात, यामागचं हे एक मोठं कारण.

आणि गार म्हणजे फक्त बर्फाळ, असंही नाही. तारकर्लीचं समुद्राचं पाणी आपल्याला कोमट वाटतं, पण तेही 37 अंशांच्या शरीरापेक्षा गारच. तासभर आत राहिलं की दात वाजू शकतात.

"सवय झाली की थंडी लागत नाही," हे मात्र अर्धं खरं आहे. दक्षिण कोरियाच्या जेजू बेटावरच्या हेन्यो बायका सिलिंडरशिवाय, श्वास रोखून, समुद्रतळावरून शिंपले आणि शेवाळ काढतात. 1970च्या दशकापर्यंत त्या साध्या सुती कपड्यांत हिवाळ्यातही उतरत. शास्त्रज्ञांनी तपासलं तेव्हा हिवाळ्यात त्यांच्या शरीराची ऊर्जा खर्चण्याची गती वाढलेली आढळली, आणि इतरांना हुडहुडी भरावी अशा पाण्यातही त्या कापत नव्हत्या. मग वेटसूट आले. काही वर्षांतच ती कमावलेली ताकद ओसरून गेली. शरीरानेही हिशेब केला म्हणायचा: ऊब विकत मिळत असेल तर आपण कशाला राबायचं?

गारठून मरण येतं ते हळूहळू, ही समजूतही तपासायला हवी. उघड्या अंगाने अचानक बर्फाळ पाण्यात पडलेल्याला पहिला धोका असतो तो धापेचा. पहिल्या मिनिटभरात श्वास आवरत नाही, आणि तेव्हाच नाकातोंडात पाणी जातं. पुढच्या दहाएक मिनिटांत बोटं ऐकेनाशी होतात. शरीराचं आतलं तापमान घातक पातळीला येईपर्यंत बहुतेकदा अर्धा तास किंवा त्याहून जास्त जातो. डायव्हरचा सूट पहिला धक्का बराच बोथट करतो. बोटांची तक्रार उरतेच. शिवाय सिलिंडरमधली दाबाखालची हवा रेग्युलेटरमधून सुटताना प्रसरण पावते आणि आणखी गार होते. त्यात श्वासातला ओलावा गोठला तर झडप उघडीच अडकते आणि हवा भसाभस वाहू लागते. म्हणून थंड पाण्यासाठी खास रेग्युलेटर वापरतात.

दारूने ऊब येते? कातडीला येते. कातडीखालच्या रक्तवाहिन्या फुलतात आणि आतली उष्णता आणखी भराभर निसटते.

बाहेर आल्याबरोबर कढत पाण्याने अंघोळ करावीशी वाटते, तीही थोडी लांबवलेली बरी. खोल बुडीनंतर रक्तात आणि ऊतींत नायट्रोजन विरघळलेला असतो. अंग एकदम तापलं की वायू कमी विरघळतो आणि बुडबुडे होण्याची भीती वाढते. सिल्फ्राच्या काठावर बऱ्याचदा गरम चॉकलेटचा मग हातात देतात. सुन्न बोटांना त्याची कड जाणवायलाही काही मिनिटं लागतात.