राहुटीतला देव, श्वासातला शब्द

तुकोबांची पालखी बारामती सोडून सणसर, निमगाव केतकी करत इंदापुराकडे निघते, तेव्हा त्या वाटेवर मुक्कामागणिक राहुट्या उभ्या राहतात. राहुटीची हीच प्रतिमा बायबलातही आहे. देवाचा शब्द, म्हणजे येशू, मनुष्य झाला, हे योहानाने आपल्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात सांगितलं आहे. तिथे त्याने वापरलेलं ग्रीक क्रियापद 'तंबू' या शब्दापासून आलेलं आहे. त्याने आमच्यात येऊन राहुटी ठोकली, असा त्याचा सरळ अर्थ होतो. ख्रिस्ती श्रद्धेचा गाभा या एका क्रियापदात सापडतो.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियातल्या चर्चेस ऑफ क्राइस्टचं मिशन बारामतीत आलं. म्हणजे या भागात ख्रिस्ती उपासनेला शंभर वर्षं उलटून गेली. तरी शेजाऱ्यांची ओळख नाताळच्या चांदणीपाशी थांबते. शेजारधर्म पाळायचा तर शेजारी काय मानतो हे नीट कळलं पाहिजे, एवढ्यासाठी हे लिहितो आहे.

गैरसमज : येशू म्हणजे ख्रिस्ती लोकांचा अवतार.

आपल्याकडे हे सहज म्हटलं जातं, आणि आपुलकीनेच म्हटलं जातं. अवतार गरजेप्रमाणे पुन्हा पुन्हा होतात आणि कार्य झालं की संपतात, अशी आपली साधारण समजूत. ख्रिस्ती लोक 'देहधारण' हा वेगळा शब्द वापरतात, कारण त्यांना वेगळं काही सांगायचं असतं. त्यांच्या श्रद्धेप्रमाणे हे एकदाच घडलं, रोमन अमलाखालच्या यहुदी प्रदेशात, एका सुताराच्या घरात. धारण केलेला देह पुढे टाकूनही दिला नाही. पुनरुत्थानानंतर शिष्यांना भेटलेल्या येशूच्या हातांवर खिळ्यांचे वण होते, असं योहान सांगतो.

तो देह दिखाऊ होता, देव माणसासारखा नुसता भासला, असं मानणारे लोक पहिल्या शतकांतही होते. चर्चने ते मत ठामपणे नाकारलं. शुभवर्तमानांतला येशू नावेत उशीवर डोकं टेकून झोपतो, मित्राच्या कबरीपाशी रडतो, त्याला भूक लागते. भर दुपारी थकून तो विहिरीच्या काठावर बसतो आणि शमरोनी बाईकडे पाणी मागतो. यहुदी लोक शमरोनी लोकांचं भांडं वापरत नसत. पाणवठ्यावरचा भेदाभेद पाहिलेल्या महाराष्ट्राला या प्रसंगावर वेगळी टीप द्यायची गरज नाही. पंडिता रमाबाई इंग्लंडमध्ये असताना हीच गोष्ट त्यांच्या मनात खोल उतरली. 1883 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

गैरसमज : येशू अर्धा देव आणि अर्धा माणूस. देव खाली आला, तर तेवढे दिवस विश्व कोण चालवत होतं?

प्रश्न रास्त आहे, आणि ख्रिस्ती विचारवंतांनी त्यावर शतकानुशतकं डोकं चालवलं. 325 मध्ये निकेयाच्या परिषदेत येशू पित्याच्याच तत्त्वाचा आहे असं ठरलं. 451 मध्ये खाल्किदोनच्या परिषदेने तो पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्य आहे, दोन्ही स्वभावांची भेसळ झालेली नाही आणि फारकतही झालेली नाही, असं सांगितलं. दुधात पाणी मिसळल्यासारखं ते नाही. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असा एकच देव ही त्यांची श्रद्धा असल्याने पुत्राच्या जन्माने स्वर्ग ओस पडला असं ते मानत नाहीत. हे बुद्धीला पूर्ण उलगडतं असा त्यांचाही दावा नाही. त्याला ते रहस्यच म्हणतात.

गैरसमज : बायबल हा आकाशातून उतरलेला एकच ग्रंथ.

बायबल हे लहानसं ग्रंथालय आहे. प्रॉटेस्टंटांच्या बायबलात 66 पुस्तकं, कॅथलिकांच्या 73. भाषा हिब्रू आणि ग्रीक, काही भाग अरामी. त्यात कायदा आहे, वंशावळी आहेत, विलापगीतं आहेत, प्रेमकाव्य आहे, खाजगी पत्रंही आहेत. शुभवर्तमानकार लूक सुरुवातीलाच सांगतो की, आपण सगळ्याचा शोध घेऊन क्रमवार लिहीत आहोत. पौलाच्या नावे असलेल्या एका पत्रात तीमथ्याला सांगितलं आहे की, त्रोवसला राहिलेला झगा आणि पुस्तकं येताना घेऊन ये. लिहिणाऱ्या माणसाची थंडी, घाई आणि आठवण पुसली न जाता त्यातूनच देव बोलतो, असं ख्रिस्ती लोक मानतात.

चार शुभवर्तमानांत तपशील वेगवेगळे, म्हणून ती खोटी, असाही एक तर्क ऐकू येतो. दुसऱ्या शतकात तातियान नावाच्या लेखकाने चारांची मिळून एकच कथा बांधली होती. चर्चने शेवटी चार निरनिराळी पुस्तकंच ठेवली. ज्या बारामतीत मोरोपंतांनी एकच रामकथा 108 परींनी सांगितली, तिथल्या वाचकाला यात अडचण वाटू नये.

गैरसमज : शास्त्र 'जिवंत' आहे म्हणजे पुस्तकाची पूजा करतात.

पुस्तकाला मान असतो. पण 'जिवंत' हा शब्द कागदाला लावलेला नाही. ख्रिस्ती भाषेत 'देवाचा शब्द' म्हणजे आधी स्वतः ख्रिस्त, मग त्याच्याविषयी सांगणारं शास्त्र. नव्या करारात शास्त्राला देवाच्या श्वासातून आलेलं म्हटलं आहे, आणि देवाचं वचन जिवंत व कार्य करणारं आहे असंही. वाचणाऱ्याने त्याचा अर्थ लावायचा आणि त्या वचनाने वाचणाऱ्याचं अंतःकरण तपासायचं, असा हा दुहेरी व्यवहार आहे.

माझ्या मते इथे देहधारण आणि जिवंत शास्त्र या दोन्ही श्रद्धा एकमेकींना मिळतात. शब्द देहात आला असेल, तर तो कुठल्याही माणसाच्या बोलीत येऊ शकतो. म्हणून बायबलाचं भाषांतर हेही शास्त्रच मानलं जातं आणि उपासनेत तेच वाचलं जातं. मूळ भाषा येण्याची अट नाही. फादर स्टीफन्स यांनी 'क्रिस्तपुराण' मराठी ओवीत रचलं, ते 1616 मध्ये गोव्यात रायतूरला छापलं गेलं. ना. वा. टिळकांनी 'ख्रिस्तायन' हाती घेतलं. 1919 मध्ये ते गेले आणि अपुरं काव्य त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुढे नेलं.

बारामतीहून दौंडला जाऊन गाडी बदलली की पुण्याच्या वाटेवर केडगाव लागतं. तिथे रमाबाईंचं मुक्ती मिशन आजही आहे. दुष्काळात होरपळलेल्या मुली-बायकांना त्यांनी तिथे आसरा दिला. प्रचलित मराठी बायबल या बायकांना जड जातं, हे संस्कृतात 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवलेल्या या बाईंना दिसलं. मग त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि सगळं बायबल साध्या मराठीत आणायला बसल्या. ते काम वर्षानुवर्षं चाललं. 1921 मध्ये एकुलती लेक मनोरमा गेली, तरी ते थांबलं नाही. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या. त्यांचं बायबल 1924 मध्ये मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडलं, आणि त्या छापखान्यात खिळे जुळवायचं काम आश्रमातल्या बायकाच करत होत्या.